सल्ला, इशारा आणि पसंती : इंग्रजी मोडल पदबंधांच्या अभ्यासाची प्रस्तावना

सल्ला देणे आणि पसंती सांगणे ही दोन्ही कामे प्रत्येक भाषेत रोज होतात. पण ती करताना बोलणारा केवळ माहिती पुरवत नसतो, तर समोरच्या माणसापुढे आपण कोण, आपल्या शब्दाला वजन किती आणि ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायला जागा किती, हेही त्याच वाक्यात ठरवत असतो. इंग्रजीत हे ठरवण्याचा बराचसा भार मुख्य क्रियापदाच्या आधी येणाऱ्या लहान सहायक शब्दांवर आणि शब्दगटांवर असतो. ‘शुड’, ‘ऑट टू’, ‘हॅड बेटर’, ‘वुड रादर’, ‘वुड प्रिफर टू’, ‘माइट अॅज वेल’ ही त्यांतली नेहमीची मंडळी. शाळेत यांपैकी काहींना मोडल ऑक्झिलरी म्हणतात. मोडल म्हणजे क्रिया घडली की नाही हे न सांगता ती घडणे आवश्यक, योग्य, शक्य किंवा इष्ट आहे काय, याबद्दल बोलणाऱ्याची भूमिका सांगणारा शब्द. प्रस्तुत पुस्तक शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील विद्यार्थी, शिक्षक आणि नोकरीच्या निमित्ताने इंग्रजीशी गाठ पडणारे तरुण यांच्यासाठी लिहिले आहे आणि त्याची धारणा अशी की, येथील विद्यार्थ्याला या शब्दगटांची रचना फारशी जड जात नाही. जड जाते ते त्यांचे वजन ओळखणे, कारण ते वजन मराठी वाक्यात वेगळ्या ठिकाणी ठेवलेले असते.

हे एका उदाहरणावर नीट तपासता येते. पावसाळ्यात माळशेज घाटात दरड कोसळते, धुक्यात समोरचे वाहन दिसत नाही आणि अशा दिवशी घाटाच्या पायथ्याशी हॉटेलात काम करणारा मुरबाडचा मुलगा पर्यटकांना म्हणतो, ‘आज घाटातून न गेलेलं बरं.’ याचे इंग्रजी ‘यू हॅड बेटर नॉट गो’ असे त्याने केले, तर ते अगदी योग्य आहे; कारण ‘हॅड बेटर’ या शब्दगटात न ऐकल्यास काहीतरी वाईट होईल अशी सूचना अंतर्भूत असते आणि येथे ते वाईट खरोखरच समोर उभे आहे. पण तोच मुलगा दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर त्याच पाहुण्यांना ‘नाणेघाट पाहून घेतलेला बरा’ असे सुचवतो आणि आदल्या दिवशीचाच साचा वापरून ‘यू हॅड बेटर सी नाणेघाट’ असे म्हणतो. मराठीत दोन्ही वाक्यांत तोच ‘बरं’ आहे, सूर तितकाच मऊ आहे. इंग्रजीत मात्र दुसऱ्या वाक्याने पाहुणा चमकतो, कारण नाणेघाट पाहिला नाही तर आपले काय बिघडणार आहे हे त्याला कळत नाही. तेथे ‘यू शुड सी’ हवे होते. व्याकरणाची चूक एकही नाही, शब्दांचा क्रम बरोबर आहे, तरी आग्रहाच्या जागी दटावणी ऐकू आली. अशाच प्रकारे ‘आपण अहवाल उद्यापर्यंत पाठवलेला बरा’ हे वरिष्ठाला लिहिलेले अदबीचे मराठी वाक्य ‘हॅड बेटर’ लावून इंग्रजीत गेले की धमकी होते. मराठीत अदब ‘आपण’ या सर्वनामाने सांभाळली होती आणि इंग्रजीतील ‘यू’ला ते काम येत नाही.

मराठी भाषकाला या विषयात कोऱ्या पाटीने यावे लागत नाही, हे आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. सल्ला, विनंती, निमंत्रण आणि आज्ञा यांच्यातील सीमारेषांचा विचार भारतीय व्याकरणात फार जुना आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात लिङ् या क्रियारूपाचे उपयोग सांगताना विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न आणि प्रार्थन असे सहा अर्थ वेगळे मोजले. टीकाकारांच्या विवरणानुसार निमंत्रण म्हणजे जे पाळावेच लागते असे बोलावणे, आमंत्रण म्हणजे येणे न येणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडणारे बोलावणे, अधीष्ट म्हणजे आदरपूर्वक काम सोपवणे आणि संप्रश्न म्हणजे ‘काय करावे बरे’ असा विचारविनिमय. ऐकणाऱ्याला मोकळीक किती, हा आधुनिक भाषाविज्ञानातील कळीचा प्रश्न येथे जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी मांडलेला दिसतो. मराठी व्याकरणकारांनी तोच धागा पुढे नेला. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये. या परंपरेतून शालेय पुस्तकांत क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ स्थिरावले. त्यांतील विध्यर्थ, म्हणजे ‘करावे’, ‘जावे’ हे रूप, कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता अशा अनेक छटा एकट्याने वाहते. आईवडिलांची सेवा करावी हे कर्तव्य, पाऊस यावा ही इच्छा, आता तो पोचला असावा हा तर्क. रोजच्या बोलण्यात या रूपाच्या जोडीला ‘पाहिजे’, ‘हवे’, ‘लागेल’, ‘बरे’, ‘चालेल’ हे शब्द येतात आणि त्यांना ‘ना’, ‘की’, ‘हं’, ‘बाबा’, ‘जरा’ यांची साथ असते. ‘जा’, ‘जा की’, ‘जाऊन ये ना’ आणि ‘जाऊन आलेलं बरं हं’ या चार वाक्यांतील अंतर शहापूरच्या पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. ते कुणी शिकवलेले नसते. इंग्रजी शिकवताना हे ज्ञान वर्गाबाहेर ठेवले जाते, ही मोठी हानी आहे.

इंग्रजी शब्दगटांचा स्वतःचा इतिहासही शिकणाऱ्याला उपयोगी पडतो. ‘हॅड बेटर’मध्ये ‘हॅड’ हे भूतकाळी रूप का आणि अर्थ मात्र वर्तमानाचा किंवा भविष्याचा का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि ‘तसेच असते’ एवढेच उत्तर त्यांना मिळते. जुन्या इंग्रजीत ही कल्पना ‘त्याला ते बरे होईल’ अशा, म्हणजे व्यक्ती चतुर्थीत ठेवणाऱ्या रचनेने सांगितली जाई; पुढे विभक्तिप्रत्यय गळून पडले, व्यक्ती कर्त्याच्या जागी आली आणि शेजारच्या दुसऱ्या रचनांच्या प्रभावाने ‘हॅड’ रूढ झाले. म्हणजे आजची इंग्रजी रचना अनोळखी वाटत असली तरी तिची जुनी घडण मराठीतील ‘त्याला जाणं बरं’ या घडणीच्या बरीच जवळ होती. ‘ऑट’ हे मुळात ऋणी असणे या अर्थाच्या क्रियापदाचे रूप आहे आणि म्हणून त्यात नैतिक देण्याची छटा आजही टिकून आहे. ‘शुड’ हे ‘शॅल’चे भूतकाळी रूप. सल्ल्यासाठी वापरली जाणारी ही रूपे बहुतेक भूतकाळाची आहेत, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. काळाने मागे सरकवलेले रूप दबावानेही मागे सरकते आणि बोलणे सौम्य होते. मराठीतही ‘तुम्हाला एक विचारायचं होतं’ असे म्हणताना विचारणे अजून व्हायचेच असते.

या क्षेत्राचा आधुनिक अभ्यास तीन-चार दिशांनी झाला आहे. पहिली दिशा तर्कशास्त्राची. आवश्यक आणि शक्य या कल्पनांचे गणित मांडताना फिनलंडचे तत्त्वज्ञ गेओर्ग हेन्रिक फॉन रिख्त यांनी 1951 मध्ये कर्तव्य, परवानगी आणि निषेध यांचे स्वतंत्र तर्कशास्त्र उभे केले. कर्तव्यवाचक आणि ज्ञानवाचक असा जो भेद आज भाषाविज्ञानात सर्रास केला जातो, त्याला त्यांच्या मांडणीचा मोठा आधार आहे. ‘तू घरी असायला हवंस’ हे कर्तव्य आणि ‘तो एव्हाना घरी असायला हवा’ हा अंदाज, दोहोंना इंग्रजीत एकच ‘शुड’ चालतो. दुसरी दिशा वर्णनात्मक व्याकरणाची. एफ. आर. पामर यांचे इंग्रजी मोडल क्रियापदांवरील पुस्तक 1979 मध्ये आले आणि रँडॉल्फ क्वर्क व सहकाऱ्यांच्या 1985 च्या बृहद्व्याकरणात मध्यवर्ती मोडल, सीमेवरचे मोडल आणि ‘हॅड बेटर’, ‘वुड रादर’ यांसारखे मोडल वाक्प्रचार अशी प्रतवारी झाली. या प्रतवारीने रचनेचे प्रश्न बरेच सुटले. पण कोणी कोणाला काय म्हणावे, हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरच राहिला.

तो उचलला तिसऱ्या दिशेने. बोलणे ही कृती आहे, हे जे. एल. ऑस्टिन यांच्या 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी ठसवले आणि जॉन सर्ल यांनी त्या कृतींचे नियम मांडले. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी पुढे सौजन्याचा सिद्धांत मांडला: प्रत्येक माणसाला समाजात एक आब असतो, सल्ला हा त्या आबाला धक्का देऊ शकतो आणि म्हणून प्रत्येक भाषा तो धक्का कमी करण्याचे मार्ग शोधते. त्यांच्या अभ्यासातील एक महत्त्वाची सामग्री तमिळनाडूतील कोइमतूर जिल्ह्यातल्या खेड्यातून गोळा केलेली होती. ग्रामीण भारतात जात, वय आणि नाते यांनुसार बोलण्याची पट्टी कशी बदलते, हे त्या सिद्धांताच्या पायातच आहे, आणि म्हणूनच तो शहापूर-मुरबाडच्या वाचकाला परका वाटू नये.

चौथी दिशा मोजणीची, आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा एक संग्रह तयार केला. 1978 मध्ये छापलेल्या मजकुरातील सुमारे 2000 शब्दांचा एक, असे 500 नमुने, म्हणजे एकूण सुमारे 10 लाख शब्द त्यात आहेत. अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीच्या 1961 च्या संग्रहांशी तुलना करता यावी अशी त्याची आखणी आहे आणि ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने तो जगभरच्या भाषा-अभ्यासकांना परिचित आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीच्या 1961 आणि 1991 च्या आसपासच्या संग्रहांची तुलना करून जेफ्री लीच यांनी दाखवले की ‘मस्ट’, ‘शॅल’, ‘ऑट टू’ यांचा वापर घटतो आहे आणि ‘हॅव टू’, ‘नीड टू’, ‘वाँट टू’ यांसारखी रूपे वाढत आहेत. अधिकारवाणीने सांगण्यापेक्षा गरज दाखवून सांगण्याकडे समाजाचा कल वाढल्याचे हे एक लक्षण मानले जाते. मात्र कोल्हापूरचा संग्रह छापील मजकुराचा आहे. बाजारात, दवाखान्यात, कारखान्यात भारतीय माणूस तोंडी इंग्रजीत सल्ला कसा देतो, हे त्यातून कळू शकत नाही आणि या पुस्तकाला नेमका तोच प्रदेश महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्रातील अध्यापनाचा इतिहास या अभ्यासांपासून बऱ्यापैकी अलिप्त राहिला. तर्खडकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य समोर ठेवून त्याचे इंग्रजी करायचे, ही तिची पद्धत. तिने वाक्यरचना पक्की केली, यात शंका नाही आणि तिला आज नावे ठेवणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण एका वाक्याला एक प्रतिवाक्य, ही सवय ‘बरे’ आणि ‘बेटर’ यांची गाठ मारून ठेवते आणि ती गाठ पुढे सुटत नाही. स्वातंत्र्यानंतर रचनापद्धती आली, तिने साचे घोटवले. 1970 च्या दशकात युरोपात डी. ए. विल्किन्स आणि यान फान एक यांच्या कामातून भाषा व्याकरणाच्या प्रकरणांऐवजी सल्ला देणे, पसंती सांगणे, नकार देणे अशा कामांनुसार शिकवावी, असा विचार पुढे आला आणि यथावकाश आपल्या पाठ्यपुस्तकांतही झिरपला. 2000 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तरीही परीक्षेत प्रश्न बहुधा असाच असतो की सल्ला दर्शवणारे मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा. विद्यार्थी ‘शुड’ लिहितो, गुण मिळतात आणि सल्ला कोणाला, कोणत्या प्रसंगी, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

शहापूर आणि मुरबाड येथे हा प्रश्न अधिक तीव्र का, हे या भागाच्या भाषिक रचनेतून समजते. येथील कितीतरी मुले घरी कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या समाजांच्या बोली बोलतात. आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत आल्यावर त्यांना प्रमाण मराठी भेटते आणि त्याच वर्षी इंग्रजीही. म्हणजे इंग्रजी ही त्यांची दुसरी भाषा नसून व्यवहारात तिसरी आहे आणि आदराची पट्टी त्यांना दोनदा बदलावी लागते. दुसरीकडे कामाच्या वाटा इंग्रजीकडे जातात. आसनगाव, खर्डी, कसारा येथून लोकलने कल्याण-ठाण्याकडे जाणारे तरुण, भिवंडीच्या गोदामांत माल मोजणारे, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे, परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुली, या सर्वांना मोबाइलवर इंग्रजीत सूचना येतात आणि उत्तरही इंग्रजीत द्यावे लागते. यंत्राने केलेले भाषांतर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ते शब्द पुरवते, पण निरोप साहेबाला जातो आहे की सहकाऱ्याला, हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

पसंतीच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. ग्रामीण शिष्टाचारात आपली आवड उघड सांगणे हावरेपणाचे मानले जाते. पाहुण्याला चहा की सरबत असे विचारले तर तो ‘काहीही चालेल’ म्हणतो, किंवा ‘कशाला उगाच’ म्हणून आधी नकार देतो, आणि यजमान त्या नकाराचा अर्थ बरोबर ओळखतो. ‘चालेल’ हा शब्द संमती देतो, पसंती सांगत नाही. ‘आवडेल’ पसंती सांगतो, पण अपरिचितासमोर तो जिभेवर येत नाही. मुलाखतीत दिवसपाळी हवी की रात्रपाळी, असे इंग्रजीत विचारल्यावर मुरबाडची मुलगी ‘एनी शिफ्ट इज ओके’ असे सांगते, तेव्हा ती नम्र असते. विचारणारा मात्र तिला खरोखरच फरक पडत नाही असे धरून रात्रपाळी देतो. मुरबाडला रेल्वे नाही, रात्री कल्याणहून परतण्याची सोय अपुरी आहे, आणि ‘आय वुड रादर वर्क द डे शिफ्ट’ एवढे एक वाक्य वेळेवर न सुचल्याची किंमत तिला रोज मोजावी लागते. हे वाक्य उद्धट नाही, ‘वुड’ने त्याची धार आधीच कमी केली आहे, याची खात्री तिला कोणीतरी द्यायला हवी होती. पसंती सांगण्याचा अधिकार आणि ती सांगण्याची रीत या दोन्ही गोष्टी वर्गात शिकवाव्या लागतात, असे या पुस्तकाचे ठाम मत आहे.

‘वुड रादर’ची रचना अवघड म्हणून पुस्तकांत शेवटी ढकलली जाते. कर्ता तोच असेल तर पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, ‘टू’ लागत नाही. कर्ता बदलला तर क्रियापद भूतकाळी होते, जसे ‘आय वुड रादर यू केम टुमॉरो’. उद्याची गोष्ट आणि क्रियापद ‘केम’, हे पाहून विद्यार्थी गोंधळतो. पण तोच विद्यार्थी घरी सहज म्हणतो, ‘तुम्ही उद्या आलात तर बरं.’ ‘आलात’ हे भूतकाळाचेच रूप आहे आणि बोलणे उद्याबद्दलच आहे. दोन्ही भाषांनी न घडलेली, केवळ इच्छिलेली गोष्ट भूतकाळी रूपात ठेवली आहे. हे साम्य फळ्यावर शेजारीशेजारी लिहून दाखवले की रचना पाठ करावी लागत नाही. उलट ‘वुड प्रिफर’च्या पुढे ‘टू’ येतो आणि कायमची आवड सांगताना ‘प्रिफर टी टू कॉफी’ अशी तुलना होते, येथे मराठी फारशी मदतीला येत नाही. तेथे सरळ सराव करावा, हे उत्तम.

कोणते इंग्रजी प्रमाण मानावे, या वादात पुस्तकाने बाजू घेतली आहे. ‘बेटर यू गो’ ही रचना भारतात सर्वत्र ऐकू येते, ती समजते आणि बोलताना ती सहज स्वीकारली जाते. ब्रिटिश आणि अमेरिकन बोलण्यातही ‘हॅड’ इतका पुसट होतो की ‘यू बेटर गो’ एवढेच कानावर येते. म्हणून बोलण्यात या रूपांना चूक म्हणून खोडू नये. लेखनात, विशेषतः अर्ज, अहवाल आणि कार्यालयीन निरोपांत, पूर्ण रूप आणि तेही जपून वापरावे. वरिष्ठाला, अनोळखी माणसाला किंवा ग्राहकाला लिहिताना ‘हॅड बेटर’ टाळून ‘इट वुड बी बेटर इफ’, ‘यू माइट वाँट टू’, ‘कुड यू’ यांपैकी काही निवडावे. ‘हॅड बेटर टू गो’ मात्र बोलण्यात आणि लेखनात दोन्हीकडे चूकच समजावी.

एवढ्या भूमिकेवर या पुस्तकाची मांडणी उभी आहे. त्यात शब्दगटांची यादी देऊन त्यांचे मराठी अर्थ दिलेले नाहीत. प्रसंग दिले आहेत आणि प्रत्येक प्रसंगात बोलणारा, ऐकणारा, त्यांचे नाते व न ऐकल्यास होणारा परिणाम आधी ठरवून मग शब्द निवडला आहे. साप चावलेल्या माणसाला आधी बुवाकडे नेऊ पाहणाऱ्या नातेवाइकांना परिचारिका काय सांगेल आणि वजन वाढलेल्या रुग्णाला चालायला जा असे ती कसे सुचवेल, या दोन सल्ल्यांत इंग्रजी कोठे बदलते. म्हशाच्या जत्रेत बैल पाहणाऱ्या मित्राला दिलेला सल्ला आणि बँकेतल्या अधिकाऱ्याला कर्जाबद्दल केलेली सूचना यांत काय फरक पडतो. अशा उदाहरणांवर अधिक भर आहे. कायद्याच्या आणि शासकीय नियमांच्या भाषेतील ‘शॅल’ हा मोठा आणि वेगळा विषय असल्याने तो जाणीवपूर्वक बाहेर ठेवला आहे. तर्काचे अर्थ, म्हणजे ‘असावा’, ‘असेल’ यांची इंग्रजी रूपे, सल्ल्याशी जेथे गल्लत होते तेवढ्यापुरतीच घेतली आहेत.

शिक्षकांनी हे पुस्तक वापरताना बहुतेक स्वाध्यायांना एकच उत्तर नाही हे ध्यानात घ्यावे आणि उत्तर तपासण्यापूर्वी ‘हे कोण कोणाला म्हणते आहे’ असे विद्यार्थ्याला विचारावे. प्रमाण मराठीतील वाक्याच्या बाजूला मुलांच्या घरच्या बोलीतील वाक्यासाठी प्रत्येक ठिकाणी जागा मोकळी ठेवली आहे. ती मुलांनीच भरायची आहे, कारण ठाकूर किंवा कातकरी घरात मोठ्या माणसाला सल्ला कसा देतात, हे त्या वर्गात शिक्षकापेक्षा त्यांनाच अधिक चांगले ठाऊक असते.